विषय: श्रुती तांबे यांना बेरोजगार घोषित करण्याबाबत

कुठल्याही शिक्षणसंस्थेची योग्यता तिच्या निकालावरून ठरते, आणि निकालाची योग्यता तो काढणाऱ्यावरून. पंचायत समितीत सांख्यिकी विस्तार अधिकारी म्हणून अठ्ठावीस वर्षं काढल्यावर मी हे सांगतो आहे, तेव्हा त्यावर वाद नको. तालुक्यातल्या विहिरी, बैल, कोंबड्या आणि निरक्षर प्रौढ माझ्या हाताखालून गेले आहेत. यांत मोजायला सर्वांत अवघड कोंबड्या, कारण त्या एका जागी थांबत नाहीत. कोडिंग शिकलेली मुलं त्या मानाने सोपी. ती बहुतेक वेळ बसलेलीच असतात.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे पूर्वी काजू फोडत त्याच गाळ्यात, ‘कोडझेप अकादमी’ चालते. चोवीस आठवड्यांत तिथे कोणालाही प्रोग्रॅमर करतात. संचालक हर्षद हे पुण्यात एका मोठ्या कंपनीत सात वर्षं होते. पुढे त्यांना आपल्या मातीची ओढ लागली. (कंपनीने माणसं कमी केली त्याच आठवड्यात ही ओढ अनावर झाली, हा योगायोग.) बाकीच्या अकादम्या आपला निकाल आपणच लावतात, हे हर्षद यांना पटेना. त्यांना बाहेरचा, निःपक्षपाती माणूस हवा होता. ते मला म्हणाले, “साहेब, आकडा अगदी खरा पाहिजे. फक्त नव्वदच्या वर असावा, एवढं बघा.”

इतकी स्पष्ट कार्यकक्षा मला सरकारी नोकरीत कधी मिळाली नव्हती. मी लगेच स्वतंत्र मूल्यमापन समिती नेमली. तिचा अध्यक्ष मी, सचिव मी आणि सदस्यही मीच, त्यामुळे गणसंख्येअभावी एकही बैठक तहकूब झाली नाही.

आता पद्धत सांगतो. बासष्ट मुलांनी प्रवेश घेतला होता. चौदा मधूनच गेली. ज्याने अभ्यासक्रम सोडला त्याच्यावर अभ्यासक्रमाचा परिणाम कसा मोजणार? ती वगळली. सात जणांनी शेवटचा प्रकल्प सादर केला नाही, म्हणजे ते पदवीधर नाहीत, तेही गेले. उरले एकेचाळीस. या एकेचाळिसांची मी एकेक करून, फोनवर, स्वतः चौकशी केली.

फोन मुलांना केला नाही. स्वतःबद्दल कोणी निःपक्षपातीपणे बोलत नाही, हा सांख्यिकीचा पहिला धडा आहे. प्रवेश अर्जावर पालकाचा नंबर असतो, तो लावला. वेळ ठेवली संध्याकाळी पाच ते सहा, कारण त्या वेळी माणसं घरी असतात, चहा होतो, आणि पडवीत शेजारचं कोणीतरी येऊन बसलेलं असतं. म्हणजे उत्तराला आपोआप साक्षीदारही मिळतो. प्रश्न एकच होता: मुलगा किंवा मुलगी सध्या काय करते? उत्तरांची वर्गवारी अशी:

फोन लागला नाही किंवा उचलला नाही: अकरा. (हे सर्व कामात. रिकामा माणूस पहिल्या घंटेला फोन उचलतो.)

लग्न झालं: पाच. (स्थिरस्थावर.)

अकादमीनेच नव्या मुलांना शिकवायला ठेवून घेतले: चार. (नव्यांपैकी चौघांना पुढच्या वर्षी ठेवून घेतलं जाईल. साखळी अखंड आहे.)

घरच्या आंब्याच्या बागेत: दोन. (हंगामी प्रकल्प व्यवस्थापन.)

मुंबईला असतो किंवा असते: एकोणीस.

शेवटच्या वर्गाबद्दल घाटावरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात “मुंबईला असतो” हे पूर्ण उत्तर आहे. त्यात धंदा येतो, पत्ता येतो, चालचलन येतं, आणि स्थळ बघायला हरकत नाही हेही येतं. त्याच्यापुढे “मुंबईत कुठे? काय करतो?” असं विचारणं रीतीला धरून नाही. तसं विचारणारा माणूस एकतर विम्याचा असतो नाहीतर पुण्याचा. मी दोन्ही नाही. मी ‘नोकरीत’ या रकान्यात एकोणीस बरोबरच्या खुणा केल्या आणि बेरीज मारली. एकेचाळिसांपैकी एकेचाळीस.

अहवाल चौसष्ट पानांचा झाला. मारुती मंदिराच्या चौकात फलक लागला: शंभर टक्के, आणि त्याखाली एकेचाळीस मुलांचे फोटो. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा फोटो श्रुती तांबेचा. पुढची सगळी कटकट तिच्यामुळे झाली.

नोव्हेंबरात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना रत्नागिरीत छोटं कार्यालय काढायचं होतं, सहा जागा भरायच्या होत्या, आणि सध्या काम नसलेल्या पदवीधरांची यादी हवी होती. हर्षद यांनी उलट टपाली कळवलं की आमच्याकडे काम नसलेला पदवीधर नाही. जिल्ह्यात इतक्या वर्षांत प्रथमच नोकऱ्या सहा आणि उमेदवार शून्य अशी परिस्थिती आली होती. विकास याहून वेगळा काय असतो, हे मला कोणी सांगावं.

तिसऱ्या दिवशी श्रुती अकादमीत आली. राजापूरच्या अलीकडच्या तिच्या गावाहून मिरजोळ्याला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. तिने ओढणीने तोंड बांधलं होतं, ते सोडलं आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

“सर, मुलाखतीसाठी माझं नाव पाठवलेलं नाही.”

“कसं असेल? तू नोकरीत आहेस.”

“कुठे?”

“मुंबईला.”

“सर, मी तुमच्या समोर उभी आहे.”

मी नोंदवही उघडून पाहिली. नोंद ठळक होती, खाडाखोड नव्हती. “मग रजेवर आली असशील,” मी म्हटलं. यात मला आजही काही गैर वाटत नाही. नोंद आणि माणूस यांत फरक पडला तर आधी माणसाकडे खुलासा मागायचा असतो.

मुलगी हुशार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचा शेवटचा प्रकल्प मी पाहिला होता. पूर्णगडच्या बंदरात कुठल्या होडीतून कुठली मासळी उतरली, हे राजापूरच्या बाजारात बसलेल्या बायकांना मोबाईलवर कळतं. पूर्वी त्या अंदाजाने टोपल्या घेऊन धावायच्या, आता बघून निघतात. त्या आजही ते वापरतात. (ते कोणी केलं, हे त्यांना माहीत नाही. त्या समजतात की सरकारने केलं.)

तर प्रश्न असा होता की नोकरीत असलेल्या माणसाला बेरोजगार करण्याची आमच्याकडे तरतूदच नव्हती. दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याने हात वर केले असते. मी त्याच दुपारी परिशिष्ट ‘क’ तयार केलं. त्यानुसार बेरोजगारी मिळवू इच्छिणाऱ्याने (एक) साधा अर्ज करावा, (दोन) सध्याच्या नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र जोडावं, आणि (तीन) मूळ माहिती ज्याने दिली त्या पालकाने किमान एका शेजाऱ्याच्या समक्ष ती मागे घ्यावी.

तिने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. तो माझ्याकडे अजून आहे. “मी सध्या ज्या कंपनीत काम करते तिचं नाव मला माहीत नाही. ते आपल्या कार्यालयाने कृपया कळवावं, म्हणजे मी तिथे राजीनामा देऊ शकेन.” मसुदा नेटका, समास सोडलेला, सही जागच्या जागी. मला समाधान वाटलं. मुक्तीपत्राची अट मी माझ्या अधिकारात शिथिल केली. पण तिसरी अट शिथिल करणं शक्य नव्हतं, आणि ती ऐकल्यावर श्रुती पुन्हा बाकावर जाऊन बसली.

कारण तो पालक काशीराम होता.

काशीराम तांबे हा माझ्याच हाताखाली एकोणीस वर्षं आवक-जावक कारकून होता. त्याच्या नोंदवहीत एक आकडा कधी चुकलेला मला आठवत नाही. संध्याकाळच्या त्या फोनवर मी त्याला विचारलं होतं, “काशीराम, पोरगी काय करते?” मागे कपबशीचा आवाज झाला, कुणी बाई काहीतरी बोलली, आणि मग काशीराम म्हणाला, “मुंबईला असते, साहेब.” ज्याच्या आकड्यांवर मी एकोणीस वर्षं न बघता सही केली, त्याच्या शब्दावर शंका घेण्याचं मला कारण नव्हतं.

“त्या दिवसापासून मी मुंबईलाच आहे,” श्रुती म्हणाली. “घरात.”

मग तिने सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी पडवीत शेजारच्या यमुनाबाई बसल्या होत्या. वाडीतली कॉम्प्युटर शिकलेली पहिली मुलगी घरी बसून आहे, हे त्यांच्यासमोर बाबांच्या तोंडून निघेना. एकदा मुंबईला गेल्यावर लगेच परत कसं यायचं? तेव्हापासून कोणी आलं की ती मागच्या खोलीत जायची. खोकला आला तर उशी तोंडावर धरायची. अर्ज करायचे, फोनवर मुलाखती द्यायच्या, सगळं पुटपुटत. एकाने तर तिला विचारलं, की मॅडम, तुम्हाला आत्मविश्वास कमी आहे का?

“सात महिन्यांत एकदाही बाहेर पडली नाहीस?” मी विचारलं.

“असं नाही, बुद्धपौर्णिमेला आले होते ना मी, मुंबईहून. बाबांनी मला मागच्या पायवाटेने पलीकडच्या थांब्यावर नेलं. तिथून एसटीत बसले आणि आमच्या थांब्यावर बॅग घेऊन उतरले. राजापूरच्याच दुकानातली मिठाई होती, पण सगळे म्हणाले, मुंबईची चव वेगळीच. चार दिवस होते. चार दिवस पुढच्या दाराने फिरले, विहारात गेले, सगळ्यांशी मोठ्याने बोलले.” तिने ओढणीची घडी घातली. “मग मला एसटीत बसवायला निम्मी वाडी आली, सर. पुढच्या थांब्यावर उतरून मागच्या वाटेने घरी आले.”

मी पाणी मागवलं. तिच्यासाठी मागवलं होतं, पण मीच प्यायलो.

“बाबा हे लोकांसमोर नाही बोलू शकणार,” ती म्हणाली. “आणि सर, ही मुलाखत मला पाहिजे. रत्नागिरीतच नोकरी आहे. मला खरंच कुठेतरी जाऊन खरंच संध्याकाळी परत यायचं आहे.”

मंगळवारी मी पंचनाम्याला तिच्या घरी गेलो. काशीराम इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, कार्यालयात तपासणी असली की घालायचा तसा. पंच म्हणून यमुनाबाई. त्या चहाचा कप घेऊन खांबाला टेकून बसल्या होत्या आणि हे काय चाललं आहे ते कळत नसल्यासारखा चेहरा त्यांनी ठेवला होता. श्रुती आत, नियमानुसार मुंबईला.

मी कागद काढला आणि विचारलं, “आपली कन्या सध्या कुठे असते?”

काशीराम समोरच्या कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्याकडे बघत राहिला. मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग तो उभा राहिला. त्याला बसायला सांगावं असं मला वाटलं, पण पंचनाम्यात तशी पद्धत नाही.

“लिहा साहेब,” तो म्हणाला. “माझी मुलगी घरात असते. तिला नोकरी नाही. आवक-जावकला मी आयुष्यात खोटी नोंद केली नाही. ही एक केली, ती पोरीची केली.”

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. हे अहवालात लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितो.

आतून श्रुती बाहेर आली, भर दुपारी, पुढच्या दारातून, आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. यमुनाबाईंनी चहाचा घोट घेतला.

“आमाला ठावं हाय की,” त्या म्हणाल्या. “पोरीची वढनी रोज मागं दोरीवर वाळत आसते. मुंबैची वढनी हितं कशी वाळंल?”

काशीरामने त्यांच्याकडे पाहिलं. “मग बोलला नाय कधी?”

“काय बोलनार बाबा? आमचा बाबल्या पन मुंबैलाच हाय ना.” असं म्हणून त्यांनी हनुवटीने आपल्या घराकडे खूण केली. तिथे मागच्या अंगाला कोणीतरी लाकडं फोडत होतं. आमची नजर गेली तशी कुऱ्हाड थांबली.

बाबल्या हा अकादमीचा विद्यार्थी नसल्यामुळे तो आमच्या कार्यकक्षेत येत नाही. त्याला मुंबईतच ठेवून मी पंचनामा बंद केला.

अशा रीतीने श्रुती काशीराम तांबे ही कोडझेप अकादमीची पहिली अधिकृत बेरोजगार पदवीधर झाली. आकडा सत्त्याण्णव दशांश छप्पनवर आला. मला वाटलं, हर्षद चिडतील. पण माणूस मोठ्या मनाचा. ते म्हणाले, “उलट बरं झालं साहेब. एखादा अपवाद असला की आकडा खरा वाटतो.” आणि त्यांनी कंपनीला यादी पाठवली. यादीत एक नाव होतं.

मुलाखतीला कंपनीचे दोघे आले. मी निरीक्षक म्हणून कोपऱ्यात बसलो, मांडीवर नोंदवही. बाहेर बाकावर काशीराम. श्रुतीला दीड तासाची परीक्षा दिली, ती तिने पन्नास मिनिटांत संपवली. मग तिने मासळीचा प्रकल्प दाखवला. त्या वेळी पूर्णगडला सौंदाळे उतरत होते, ते पडद्यावर दिसले. दोघांतला मोठा होता तो खुर्चीत पुढे सरकला. मला काय वाटलं ते सांगतो: मला वाटलं, झालं, पोरीचं काम झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि साठी उलटली की असं होतं, असं मी समजलो.

मग धाकट्याने हर्षद यांचं पत्र चाळलं आणि विचारलं, “तुमच्या बॅचमध्ये एकेचाळीस जणांपैकी चाळीस जणांना नोकरी लागली. तुम्हालाच तेवढी का नाही लागली?”

श्रुतीने माझ्याकडे पाहिलं.

त्या चाळिसांचा हिशेब माझ्या मांडीवर होता. अकरा न लागलेले फोन, पाच लग्नं, चार साखळीतले, दोन बागेतले, आणि अठरा जण आपापल्या घरांच्या मागच्या खोल्यांत उशा घेऊन बसलेले. तोंड उघडलं असतं तर मला चार वाक्यं पुरली असती. पण अहवालाखाली सही माझी होती, शिक्का माझा होता, आणि निरीक्षकाने मुलाखतीत बोलू नये असा नियम आहे. (परिशिष्ट ‘ड’. ते मी त्याच संध्याकाळी तयार केलं.) मी पंख्याकडे बघत बसलो.

“बाकीच्यांसारखी मी मुंबईला नाही गेले,” श्रुती म्हणाली.

त्या दोघांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पत्र आठवड्याने आलं. उमेदवाराचं तांत्रिक काम चांगलं आहे, मात्र संस्थेची एकूण कामगिरी पाहता तिच्यात काहीतरी मूलभूत उणीव असावी असं दिसतं. रत्नागिरीत पुरेसे उमेदवार उपलब्ध नसल्याने कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात काढण्यात येत आहे. हर्षद यांनी दुसरं वाक्य अधोरेखित करून भिंतीवर लावलं, कारण आमची सगळी मुलं संपली याचा हा बाहेरचा, लेखी पुरावा होता.

पुढच्या सोमवारी श्रुतीचा दुसरा अर्ज आला. तोही नेटका. “विषय: नोंदीत मला पुन्हा मुंबईला पाठवण्याबाबत.” खाली कारण दिलं होतं, की सगळ्यांना नोकरी असलेल्या बॅचमध्ये एकट्या बेरोजगाराला कोणी दारात उभं करत नाही, तरी जनरीतीप्रमाणे शंभर टक्क्यांत घ्यावं. अर्ज घेऊन काशीराम आला होता. त्याने टेबलावर ठेवला, पोच मागितली, आणि माझ्याकडे न बघता गेला. एकोणीस वर्षांत तो कधी माझ्याकडे न बघता गेला नव्हता.

मी अर्ज त्याच दिवशी मंजूर केला. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत इतका जलद निर्णय मी घेतलेला नाही. चौकातला फलक बदलायचा राहूनच गेला होता, त्यामुळे तोही खर्च वाचला.

आता वाचकहो, इथवर वाचून तुमचं माझ्याबद्दल काही मत झालं असेल. हर्षद यांच्याबद्दलही झालं असेल. आमची हरकत नाही. पण गेल्या आठवड्यात तुम्हीच तुमच्या मुलाला घेऊन अकादमीत आला होतात. माझ्या अहवालाची प्रत खिडकीत ठेवलेली असते. ती तुम्ही उघडली नाहीत, आजवर कोणीच उघडलेली नाही. तुम्ही हर्षद यांना एकच प्रश्न विचारलात, “शंभर टक्के नक्की ना?” त्यांनी नक्की म्हटलं, आणि तुमचा चेहरा खुलला.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन काहीतरी लिहीत होती. मागच्या खोलीत लॅपटॉपला पुरेल एवढी रेंज नसते, म्हणून ती हल्ली इथे येऊन बसते. फॉर्म कुठे मिळतात, हे तुम्ही तिलाच विचारलंत. तिने हात करून दाखवलं. ती कुठली, इथे काय शिकली, पुढे काय झालं, हे विचारलं असतंत तर तिने सांगितलं असतं. ती आता हळू बोलत नाही. पण तुम्ही तिला जरा सरकायला सांगितलंत, आणि ती सरकली, आणि तिच्या जागेवर तुम्ही तुमच्या मुलाला बसवलंत.